चंद्राबायचा राग

परवा आमच्याकडे एका इस्पितळाची कोनशिला बसवली. निवृत्त शिक्षिका म्हणून मला पुढच्या रांगेत खुर्ची होती. पाहुणे म्हणाले, ‘यापुढे आपल्या माणसाला डोक्याच्या आणि मणक्याच्या ऑपरेशनसाठी मुंबई गाठावी लागणार नाही.’ टाळ्या वाजल्या. शेजारच्या बाईंनी मला कोपरानं ढोसलं. मी हात मांडीवरून हलवले नाहीत. हे वाक्य मी आजवर इतक्यांदा ऐकलं आहे की पाहुण्यांच्या आधी मला ते म्हणता आलं असतं. दर वेळी कोनशिला तेवढी बसते. घरी येईपर्यंत मी मनातल्या मनात भांडत होते, आणि तोंडात शिव्या येत होत्या त्या माझ्या नव्हत्या. त्या चंद्राबायच्या होत्या.

चंद्राबाय आमच्या गावच्या दवाखान्यातली नर्स. स्वातंत्र्य मिळून आठ-दहा वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट. सिंधुदुर्ग जिल्हा तेव्हा वेगळा नव्हता, रत्नागिरीच्या शेपटाला आम्ही लोंबत होतो. दवाखाना म्हणजे चार खाटा, एक डॉक्टर, एक कंपाऊंडर आणि ही. वयानं ती माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठी, पण आमच्याकडे देवीलाही एकेरीत हाक मारतात, म्हणून मी तिला इथे ‘ती’च म्हणणार आहे. समोर मात्र मी ‘बाई’ म्हणायची. दुसरं काही म्हणायची माझी छाती नव्हती.

मूळची ती वालावलची. लहानपणी विधवा झाली, मामानं मुंबईला नेऊन नर्सिंगला घातली. तिथल्या एका मोठ्या इस्पितळात, डोक्यातल्या आणि कण्यातल्या गाठी काढतात त्या वॉर्डात, तिनं बरीच वर्षं काढली. असे वॉर्ड तेव्हा देशात बोटांवर मोजण्याइतके होते. तिथली पक्की नोकरी सोडून ही बाई चार खाटांच्या दवाखान्यात का आली, यावर गावानं यथेच्छ तोंडसुख घेतलं. कोणी म्हणालं भांडून आली, कोणी म्हणालं भानगड असणार. मी एकदा धीर करून तिलाच विचारलं.

‘‘थय वॉर्डात सगळा होता,’’ ती म्हणाली. ‘‘सर्जन होतो, मशीन होता, रक्त होता. आमच्या मुलखातलो पेशंट मात्र येय तो आंधळो होवन येय, नायतर पाय गेल्यार येय. सर्जन माका विचारी, सिस्टर, तुमच्याकडची माणसं इतका वेळ करतात काय? मी दरवाजात उभी रवून काय सांगतलंय? मगे म्हटलंय, वाटेच्या ह्या टोकाक जावन उभी रवतंय.’’

आणि ती खरोखरच उभी राही. आठवड्याच्या बाजारादिवशी दवाखान्याच्या ओट्यावर, कंबरेवर हात ठेवून, येणाऱ्या-जाणाऱ्याचे पाय बघत. कोण टाच घासतो, कोण पाऊल फेकून टाकतो, कोण वळताना भिंतीला हात लावतो. ‘‘माणूस तोंडान खोटा बोलता, पायान नाय,’’ म्हणायची. एखाद्याला ओट्यावरूनच हाक मारून बोलवी आणि भर बाजारात त्याला एका रेषेत चालायला लावी. लोक हसत. हसणाऱ्याला ती वेगळी धरी.

ओरडणं हा तिचा श्वासच होता. उकळलेल्या पाण्यात बोट घालून बघणाऱ्या कंपाऊंडरवर ओरडायची, खाटेखाली पिकदाणी ठेवणाऱ्या नातेवाइकांवर ओरडायची, मयताला गेली तर तिथेही ओरडायची: ‘‘आता गळो काढतास? दोन महिने तो डोक्याक फडको बांधून बसलेलो तेव्हा खंय होतास?’’ माणसं दुखावत. मलाही तेव्हा वाटायचं, मेलेल्या घरी तरी गप्प बसावं. आता वाटतं, आमच्या गावात बरोबर जागी ओरडणारं तेवढं एकच माणूस होतं आणि आम्ही त्याला कर्कश म्हणत होतो.

बंदरावर गफूरभाई सुक्या मासळीचा व्यापार करायचे. त्यांचे पाय जड झाले. सगळ्यांनी सांगितलं, वात. त्यांची बायको, बिचारी, भाजलेल्या वाळूच्या पुरचुंड्या करून दिवसातून तीनदा तळपाय शेकायची. चंद्राबायला कळलं तशी ती तिथे गेली. मी तेव्हा त्यांच्या मुलीची शिकवणी घेत होते, म्हणून हे डोळ्यांनी बघितलं. तिनं चादर वर केली तर तळपायांवर पुरीएवढे फोड टरारलेले, आणि गफूरभाई हसत पडलेले.

‘‘चंद्राबाय, आता कायएक दुखत नाय बघ. शेकान गुण इलो.’’

‘‘दुखत नाय होच तुझो आजार, मेल्या!’’ तिनं पुरचुंडी उचलून खिडकीतून भिरकावली. मग पदराला लावलेली टाचणी काढून ती त्यांच्या पायापासून वर टोचत टोचत गेली. बेंबीच्या वर चार बोटांवर गफूरभाई ओरडले. तिथे तिनं माझ्या दौतीत बोट बुडवून आडवी रेघ मारली. ‘‘ह्या रेघेखाली गफूर नाय. दोन दिवसांनी येतंय. रेघ वर सरकली तर बोटीत बसाचा.’’

रेघ दोन बोटं वर सरकली. गफूरभाई बोटीत बसले, ती सोबत गेली. तिकडे ऑपरेशन तीन आठवडे अडून राहिलं, कारण शेकानं पडलेले फोड आधी सुकायला हवे होते. तीन आठवडे आपल्या जुन्या वॉर्डात ती दर दोन तासांनी त्यांची कूस बदलत बसली. कण्यातून आवळ्याएवढी गाठ निघाली. सहा महिन्यांनी गफूरभाई बोटीवरून पडावात उतरले आणि पडावातून गुडघाभर पाण्यात, काठी टेकत वाळूवर आले. दर ईदेला तिला शिरखुर्मा जायचा. ‘‘साखर केवढी ती, वशाड मेली,’’ म्हणत ती सगळा संपवायची.

म्हणजे वेळेवर पोचलं तर माणूस चालत परत येतं, हे आमच्या गावानं डोळ्यांनी बघितलं होतं. मी हे मुद्दाम लिहिते आहे. आम्हाला माहीत नव्हतं, असं आता कोणी म्हणू नये. मी तर नाहीच नाही.

त्याच वर्षी ती आमच्या शाळेत आली. हेडमास्तरांसमोर उभी राहून आम्हा सगळ्या शिक्षकांना म्हणाली, ‘‘एक सांगून जातंय. सकाळी उठल्याबरोबर डोका दुखता, ओकता, नि ओकल्यार बरा वाटता. चालताना झोकांडी जाता. मान एका बाजूक धरता. अक्षर बिघडता. असा एक जरी पोर दिसला तर माका सांगा. औषध देव नकात, मारू नकात. माका सांगा.’’

ती गेल्यावर हेडमास्तर म्हणाले, ‘‘म्हणजे परीक्षेच्या दिवशी अख्खी शाळाच तिच्याकडे पाठवायला हवी.’’ सगळे हसले. मीही हसले. मी नवी होते, सगळ्यात मोठ्यानं मीच हसले असेन.

माझ्या चौथीच्या वर्गात येसू होती. सखाराम तांडेलाची मुलगी. सखाराम स्वतःच्या होडीवर जाणारा, हळू बोलणारा, देवभोळा माणूस. येसूचं अक्षर इतकं सुरेख की तपासणीला साहेब आले की मी तिची वही वर ठेवायची. त्या वर्षी शिमग्यानंतर ते अक्षर घसरलं. ओळी उताराला लागल्या, काने मात्रांवर चढले. मान डावीकडे कलती करून बसायला लागली. मी म्हणाले, ‘‘मान सरळ कर.’’ तिनं मान सरळ केली आणि डोळे घट्ट मिटून घेतले. मला वाटलं, नखरे करते. रूळ घेतला आणि तिच्या बोटांच्या पेरांवर मारला. एकदा नाही. त्या दोन महिन्यांत कितीदा, ते मला सांगता येणार नाही, आणि येत असतं तरी सांगायला जीभ उचलली नसती.

एकदा ती उशिरा आली. मी दारातच उभी केली. ती म्हणाली, ‘‘बाई, सकाळी ओकलंय.’’

हे तिनं मला सांगितलं होतं. स्वतःच्या तोंडानं, ज्या शब्दांत चंद्राबायनं सांगून ठेवलं होतं त्याच शब्दांत. आणि मी म्हणाले, ‘‘रात्री तळलेलं खाल्लं असशील. जा, जागेवर बस.’’

एप्रिल संपताना चंद्राबाय शाळेत देवी टोचायला आली. पडवीत मुलांची रांग होती. येसू वर्गातून पडवीत आली ती पाय फाकवून, एक हात भिंतीला लावून. चंद्राबायनं हातातली सुई खाली ठेवली.

‘‘ह्या चेडू कोणाचा?’’

मी सांगितलं. तिनं येसूला जवळ घेतलं. स्वतःचं बोट पुढे धरून म्हणाली, ‘‘माझ्या बोटाक हात लाव, मगे तुझ्या नाकाक.’’ येसूचा हात बोटाच्या बाजूनं निघून गेला, आणि परत येताना नाकाऐवजी गालावर आला. बाकीची मुलं फिदीफिदी हसली. फळ्यावरचं वाच म्हटल्यावर येसू म्हणाली, ‘‘धुक्यात आसा.’’

‘‘कधीपासून गो बाये?’’

‘‘शिगम्यापासून.’’

मग चंद्राबायनं माझ्याकडे बघितलं. मी शुद्ध मराठीत म्हणाले, ‘‘मला आळस वाटला.’’ आणि मी अंग चोरून उभी राहिले. आता ती ओरडणार, मुलांसमोर, हेडमास्तरांसमोर माझी सालं काढणार, याची मला खात्री होती. तिनं येसूचा हात उलटा केला. पेरांवर रुळाचे वळ होते. ते तिनं अंगठ्यानं हळूच चोळले, आणि माझ्याशी एक अक्षर न बोलता म्हणाली, ‘‘चल गो बाये.’’

त्या न बोलण्याबद्दल मी पुढे कितीतरी वर्षं तिच्यावर चिडून होते. पिकदाणीवरून माणसाचे वाभाडे काढणारी बाई माझ्या बाबतीतच कशी गप्प बसली?

बोटी बंद व्हायला तेव्हा तीन-साडेतीन आठवडे होते. पावसाळ्याच्या तोंडावर मुंबईची बोट थांबायची, ती थेट नारळी पौर्णिमेनंतर सुरू व्हायची. तीन आठवडे म्हणजे हवा तेवढा वेळ होता. तो कसा गेला ते ऐका.

आठ दिवस डॉक्टरनं खाल्ले. चंद्राबाय त्याच्याशी शुद्ध मराठीत बोलली, ‘‘साहेब, आपण फक्त एक पत्र द्यावं.’’ सरकारी माणसासमोर, किंवा मनातलं बाहेर पडू द्यायचं नसलं की ती असं बोलायची. तो म्हणाला, निदान करणं नर्सचं काम नव्हे, आणि जंतांचं औषध दिलं. येसू आठ दिवस ते औषध पीत होती आणि ओकत होती. चंद्राबायनं शेवटी स्वतःच वॉर्डातल्या सिस्टरला पत्र घातलं आणि सखारामच्या अंगणात जाऊन उभी राहिली.

सखाराम म्हणाला, ‘‘देवाक विचारल्याशिवाय माका पाऊल टाकता येवचा नाय, चंद्राबाय.’’

आमच्याकडे कौल लावतात. गुरव देवाच्या पाषाणावर ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, आणि उजवी पाकळी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. होडी पाण्यात लोटायची असो की मुलीचं लग्न ठरवायचं असो, तांडेलांच्या घरात देवाला विचारल्याशिवाय काही होत नसे. दिवस ठरण्यातच सहा दिवस गेले आणि सोमवारी कौल लावला. मीही जाऊन मागे उभी राहिले होते. गुरवानं विचारलं, ‘‘बा देवा महाराजा, ह्या लेकराचा डोका मुंबैक नेवन कापूक द्यायचा, तर तसो कौल दी.’’

डावी पाकळी पडली. येसूच्या आईनं सुटकेचा श्वास टाकला, तो मी ऐकला. आपल्या पोरीची कवटी कोणी उघडू नये असंच तिला वाटत होतं. कुठल्या आईला वाटणार नाही?

चंद्राबाय देवळात आली ती दवाखान्यातून तशीच, पांढऱ्या साडीत. चपला पायरीवर काढल्या आणि खांबापाशी थांबून गुरवावर अशी ओरडली की गाभाऱ्यातली पाकोळी उडाली. ‘‘देवाक असा विचारतत? माझ्या चेडवाचा डोका कापू काय म्हणान विचारल्यार खयचो देव व्हय म्हणतलो? तुझ्या झिलाचा विचारून बघ, काय सांगता तो! नीट विचार. ह्या चेडू फुडच्या जत्रेक आपल्या पायान चलत तुझ्या देवळात येवचा, तर उजवो कौल दी, असा विचार!’’

गुरव गांगरला, पण रीत म्हणजे रीत. डावा कौल पडला की त्याच कामासाठी बारा दिवस पुन्हा विचारायचं नाही. चंद्राबाय भांडली, सखाराम हात जोडून उभा राहिला, गुरव हलला नाही. ते बारा दिवस येसू अंधाऱ्या माजघरात डोक्याला ओला फडका लावून पडली होती. चंद्राबाय रोज सकाळ-संध्याकाळ जाई. मी रोज जाईन असं ठरवी आणि त्यांच्या बेड्यापर्यंत, अंगणाच्या फाटकापर्यंत, जाऊन परत येई.

बारा दिवसांनी तिनं सांगितला तसा कौल लावला. उजवी पाकळी टपकन पडली. सगळे म्हणाले, ‘‘व्हय महाराजा.’’ शेवटची बोट चार दिवसांपूर्वी गेली होती.

मग उरला घाट. फोंडाघाटातून कोल्हापूर, तिथून रेल्वे, पुण्यात गाडी बदलून मुंबई. गफूरभाईंनी आपली मासळीची लॉरी दोनदा धुवून घेतली, आत गवत अंथरलं आणि स्वतः ड्रायव्हरशेजारी बसले. चंद्राबायच्या मांडीवर येसूचं डोकं, पायाशी सखाराम. शाळेला सुट्टी होती. मी न विचारता चढले. चंद्राबाय मला काही बोलली नाही, ड्रायव्हरवर मात्र सगळ्या वाटेत ओरडत होती. प्रत्येक खड्ड्याला तिच्याकडे ‘शिरा पडो’सारखी एक नवी शिवी होती.

फोंडाघाटच्या बाजारात लॉरी थांबली. तिथून पुढे एस.टी. होती. बाजार भरायला लागला होता, ऊन असं पडलं होतं की डोळे मिचकवावे लागत होते. येसूनं तोंड वर केलं आणि विचारलं, ‘‘बाये, काळोख झालो?’’

सकाळचे दहा वाजले होते.

‘‘घाटार ढग इले आसत गो,’’ चंद्राबाय म्हणाली. आवाज तिचा नव्हता. तिनं येसूच्या डोळ्यांवर आपला पदर ओढला, जणू ऊनच लागत असावं. सखाराम माझ्याकडे बघायला लागला. मी समोरच्या दुकानातल्या गुळाच्या ढेपांकडे बघत राहिले. मग ते एस.टी.त चढले आणि मी लॉरीतून परत आले. येताना गफूरभाई रडत होते. मला रडायचाही हक्क नव्हता.

मुंबईला पोचल्या दिवशीच ऑपरेशन झालं. मेंदूच्या मागच्या भागात पाण्याची पिशवी आणि तिच्या भिंतीला चिकटलेली लिंबाएवढी गाठ. पूर्ण निघाली. पुन्हा होणार नाही अशा जातीची होती, वेळेवर काढली तर माणूस सगळं आयुष्य जगतं. आतल्या दाबानं डोळ्यांच्या नसा मात्र वाळून गेल्या होत्या. नस एकदा वाळली की जगातला कुठलाही सर्जन तिला पालवी फोडू शकत नाही. चंद्राबाय दोन महिने बिनपगारी तिथे राहिली. ऑपरेशनआधी डोकं भादरतात, तेव्हा बायकांच्या वेण्या फेकून द्यायच्या नाहीत, फडक्यात बांधून वर नाव लिहून ठेवायच्या, ही त्या वॉर्डात तिनंच पाडलेली पद्धत होती. पहिल्या बोटीनं येसू परत आली तेव्हा चंद्राबायनं तिची वेणी तिच्या आईच्या ओटीत घातली.

जत्रेला येसू आली. आईचा हात धरून, पण स्वतःच्या पायांनी, तोल न जाता, एका रेषेत चालत देवळाच्या पायऱ्या चढली. गुरवानं अभिमानानं सगळ्यांना सांगितलं, ‘‘देवान शब्द पाळलो.’’ लोकांनी हात जोडले. चंद्राबाय बाहेर तुळशीवृंदावनापाशी उभी होती. मी तिच्याजवळ गेले. ती ओरडली नाही. खालच्या आवाजात म्हणाली, ‘‘पाळलो खरो. मी पायांचाच विचारूक सांगलंय. डोळ्यांचा विचारूक माका सुचाक नाय.’’

देवावर तिचा किती विश्वास होता कोण जाणे. पण स्वतःची चूक शोधायची झाली तेव्हा तिला तिथेही ती सापडली. आम्हाला कोणाला आमची सापडत नव्हती.

त्याच संध्याकाळी मी तिच्या खोलीवर गेले. म्हणाले, ‘‘बाई, मी शिमग्यातच सांगितलं असतं तर?’’

स्टोव्हला पंप मारता मारता ती म्हणाली, ‘‘काही फरक पडला नसता. आजारच तसा होता.’’

शुद्ध मराठीत. डॉक्टरशी बोलायची तसं. पुढे कळलं की सखारामलाही तिनं हेच सांगितलं होतं आणि गुरवालाही. तिघांना एकच उत्तर, तिघेही निर्दोष! मी हिशेब मांडून बघितला होता. डॉक्टरचे आठ दिवस, देवाचे अठरा, आणि माझे जवळजवळ साठ. सगळ्यात मोठा वाटा माझा. मला तिचा संताप आला. शिव्या खायला गेलेल्या माणसाला तिनं साखर दिली होती.

रूळ मी कपाटात टाकला. दुसऱ्या दिवसापासून रोज पहिल्या तासाला वर्गातून चालायला लागले. कोणाचं अक्षर उतरलं, कोण मान कलती धरतं, सकाळी कोण ओकलं. हेडमास्तर म्हणायचे, बाई नर्स झाल्या. चंद्राबायकडे मी पोरं पाठवत राहिले. बहुतेकांना नुसता चष्मा लागला, किंवा खरोखरच जंत निघाले. पण एक मुलगा, दुसरीतला, झोकांडी जाणारा, मी पाठवला त्याच आठवड्यात बोटीत बसला. तो परत आला तेव्हा त्यानं मला धडा वाचून दाखवला. न अडखळता. मी त्याला थांबवायचं विसरले, त्यानं पुढचाही धडा वाचला.

आणि अशा बाईला आमच्या गावानं काय दिलं? कागद दिला. कचेरीतून आला. ‘सदर परिचारिका वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय रुग्णांना परस्पर मुंबईस पाठवीत असल्याच्या तक्रारी आहेत’ वगैरे. तक्रारीवर गावातल्या प्रतिष्ठितांच्या सह्या होत्या. त्यातल्या एकाच्या भावाला तिनंच वेळेवर मुंबईला पोचवलं होतं. तिची बदली जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला झाली. तिनं राजीनामा लिहिला, दोन ओळींचा, आणि ट्रंक भरली.

ती निघाली त्या दिवशी मी डबा घेऊन एस.टी. स्टँडवर गेले. मला वाटलं होतं एकटी असेल. कुठली एकटी! मानेत गाठ असलेली एक बाई तिनं सोबत घेतली होती. तिच्या मानेला दोन्ही बाजूंनी टॉवेलांच्या वळकट्या लावून फळीला बांधलं होतं, आणि चंद्राबाय कंडक्टरला मागचं बाक रिकामं करायला लावत होती. गावानं काढून टाकलेली नर्स गावाचाच पेशंट घेऊन चालली होती. मी खिडकीतून डबा दिला. आणि मग माझ्या तोंडून आलं, शाळेतली भाषा विसरून, आमच्या घरातल्या भाषेत:

‘‘बाई, आता तरी खरा सांगा. मी शिगम्यात सांगला असता तर?’’

तिनं माझ्याकडे नीट बघितलं.

‘‘दिसला असता. दोनय डोळ्यांनी.’’

इंजिन सुरू झालं. मी खिडकीचा गज धरला. ‘‘मगे तेव्हा कित्याक सांगूक नाय? माका शिवी कित्याक घालूक नाय?’’

‘‘तेव्हा शिवी घातली असती तर तू रडान, राजीनामो देवन घराक बसली असतंस,’’ ती म्हणाली. ‘‘माका शाळेत एक माणूस होया होता.’’

गाडी हलली. मी गज सोडला. चार पावलं गेली असेल, तोच खिडकीतून तिचं डोकं बाहेर आलं आणि सगळा स्टँड दणाणेल अशा आवाजात ती माझ्यावर ओरडली, ‘‘शिरा पडो गो तुझ्या त्या रुळार! चेडवाच्या बोटांर मारलंस! शिरा पडो!’’

हमाल थांबले, चहावाला थांबला, सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. मी तशीच उभी राहिले. तिनं डोकं आत घेतलं होतं. गाडी वळली तेव्हा ती मला शेवटची दिसली. माझ्याकडे तिची पाठ होती आणि तिचे दोन्ही हात त्या बाईच्या मानेभोवती होते.